पाच मिलिमीटरचा फरक

सातवी शीट वाकडी निघाली तेव्हा मी मेजरिंग टेप भिंतीवर फेकून मारला. टेपचा काही दोष नव्हता. पण त्या रविवारी सकाळी फुटली तरी चालेल अशी तेवढीच एक वस्तू माझ्या हाताशी होती.

मुलुंड पूर्वेला आमचं तळमजल्याचं घर आहे, मागे पत्र्याची शेड. तिथे मी आणि शिवदासने मिळून प्लायवूड कापायचं सीएनसी मशीन उभं केलं होतं. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट टेबलावर टाकायची, वरून एक लोखंडी बीम पुढेमागे सरकतो, बीमवर फिरणारं कटर, आणि कॉम्प्युटरवर काढलेला आकार ते आपोआप कापतं. निदान कापायला हवं. मी विमा कंपनीत फायली सरकवणारा माणूस. आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने उभी करायची, हे खूळ माझं. शिवदास शाळेपासूनचा मित्र, भांडुपला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. माझ्या खुळापायी त्याने चार महिन्यांचे रविवार घातले होते.

आणि मशीन वाकडं कापत होतं. चौकोनाचे दोन कर्ण मोजले की एक पाच मिलिमीटरने मोठा. मोटर बदलून पाहिली, सेटिंग पन्नास वेळा केलं, गुण्या लावून बीम काटकोनात आणला. कापायला घेतलं की पुन्हा पाच. नवी कपाटं या मशीनवर करायची म्हणून माझ्या बायकोने, गार्गीने, स्वयंपाकघरातली जुनी काढून टाकली होती. दीड महिना आमचे डबे सोफ्यावर बसले होते आणि पाहुणे उभे राहत होते.

"फ्रेमच वाकडी आहे," मी म्हणालो. "वेल्डिंग करताना खेचली गेलीये."

शिवदास टेबलाखालून बाहेर आला. "चार वेळा मोजलीये, अन्या. तुझ्यासमोर. फ्रेम सूतभर हललेली नाही."

"मग काय भूत शिरलंय आत?"

"शिरलं असेल यार. पण माझ्या वेल्डिंगमध्ये नाही." तो हसला. ते हसणं मला झोंबलं. नाकातोंडात भुसा, डोकं फिरलेलं, आणि मी बोलून गेलो.

"खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली तेव्हा तू दारात उभा होतास. दोन हात जोडले असतेस तर काय बिघडलं असतं? एवढी वाट तरी लागली नसती."

शिवदास बौद्ध आहे, पूजेला हात जोडत नाही, हे मला चौथीपासून ठाऊक. आमच्याकडे गणपतीत तो मोदक हाणायचा, आरती सुरू झाली की बाहेर जाऊन थांबायचा, आणि त्यात कुणालाच काही वाटायचं नाही. मला तरी वाटत नाही, अशी माझी समजूत होती.

त्याने फडक्याने हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं पुसलं. "निघतो," म्हणाला. बाइक सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा गार्गी तीन कप चहा घेऊन दारात उभी होती.

"हे काय बोललास रे तू?"

"आधी मशीन बघू दे मला," मी खेकसलो. तिने एक कप परत आत नेला.

दोन आठवडे शिवदासने फोन उचलला नाही. मीही हट्टाला पेटलो. दोष फ्रेमचाच आहे हे सिद्ध करायचं म्हणून मी मशीनचा एकेक भाग सोडवायला घेतला. बीम ज्या दातेरी पट्ट्यांवरून सरकतो, त्यातली डावीकडची पट्टी सुरुवातीच्या टोकाला लालसर दिसली. टोकदार सळईने खरवडलं. ग्रीस, हळद, कुंकू, आणि त्यात भरडून दगडासारखे घट्ट बसलेले तांदळाचे दाणे. पूजेच्या अक्षता. बीम निघाला की डावं चाक त्या गठ्ठ्यावर चढायचं आणि एक दाता उडी मारायचं, की बीम तिरका. अक्षता मीच टाकल्या होत्या, चांगल्या मूठभर, हात सैल सोडून.

पट्टी साफ केली, शीट कापली. दोन्ही कर्ण सारखे. मी नाचायला हवं होतं, पण मला लाज वाटली, कान तापेपर्यंत.

तो गठ्ठा कागदाच्या पुडीत घेऊन मी भांडुपला गेलो. शिवदास गेटच्या सळया कापत होता. मी पुडी उघडून धरली आणि घाईघाईने सगळं सांगितलं. "फ्रेम एकदम परफेक्ट आहे. तुझं वेल्डिंग झकास आहे. चूक माझी होती. सॉरी, यार."

त्याने पुडीत पाहिलं. "वेल्डिंग बरोबर आहे हे मला माहीतच होतं. ते सांगायला आलास?"

"नाही. त्या दिवशी जे बोललो, त्याबद्दलही."

"हे दाणे सापडले नसते तर आला असतास?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. शिवदास वाट पाहत होता, अगदी शांतपणे, आणि मला हो म्हणता आलं नाही.