एका गाण्यापुरता झोका

पिंप्राळ्यात आमच्या अंगणवाडीच्या अंगणात जुना कडुनिंब आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गल्लीतली मुलं त्याला दोर टाकून झोका बांधतात. संध्याकाळी तो माहेरी आलेल्या लेकीबाळींचा आणि सकाळी माझ्या अंगणवाडीतल्या पोरांचा. नियम मात्र सगळ्यांना एकच. एक गाणं होईस्तोवर झोका, गाणं संपलं की मुकाट्याने उतरायचं. ज्यांना घड्याळ कळत नाही, त्या पोरांनाही गाणं संपलेलं कळतं. मोठ्या बायकांना दरवर्षी ओरडून कळवावं लागतं, आणि ओरडण्यात मी कोणाला हार जाणारी नाही.

यंदा अडलं ते मयुरीपाशी. पाच वर्षांची पोर. तिची आई सारिका हिवाळ्यात काविळीने गेली. वडील एरंडोलला, दिवसभर कामावर. म्हणून मयुरी इथे आजीकडे, बेबाबाईकडे राहायला आली. सारिका माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. गेल्या आखाजीला याच झोक्यावर मयुरीला मांडीत घेऊन बसली होती आणि गाणं संपलं तरी उतरेना. मी ओरडले तर हसून म्हणाली, "अक्का, माहेरात तरी घाई करू नका हो."

आता तिची लेक उतरेना. बरं, झोके तरी घ्यावेत! तेही नाही. दोन्ही दोर धरायची, पाय जमिनीला टेकवायची आणि फळीच्या एका कडेला नुसती बसून राहायची. एक गाणं संपायचं, दुसरं संपायचं, पोरं रांगेत ताटकळायची. नासीर रिक्षावाल्याची महेक रांगेत नेहमी पहिली. एके सकाळी तिने दोर ओढला, तर मयुरी तिच्या मनगटाला कडकडून चावली.

त्यानंतर पोरांनी मयुरीला वाळीतच टाकलं. खाऊच्या वेळी तिच्या बाजूला कोणी बसेना, खेळात तिचा हात कोणी धरेना. जूनमध्ये हीच पोरं तिच्यासोबत शाळेत जाणार होती. आई गेलेली पोर, आता सोबतीही जातात की काय?

सगळे घरी गेल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. "का गं बाई, उतरत का नाहीस?"

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "आईची जागा धरलीये. ती आखाजीला येणारे. आजीने सांगितलंय."

मी तशीच तणतणत बेबाबाईच्या दारात गेले. "काय सांगून ठेवलंत हो पोरीला?"

बेबाबाईने सूप खाली ठेवलं. "पोर घास बी खाये ना. मंग मी सांगं, आखाजीले येई तुन्ही माय. खोटं काय शे त्यामा? बठ्ठा पितर येतस ना त्या दिनले?"

तेही खरंच. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी गेलेली माणसंही येतात. त्यांच्यासाठी घागर भरायची, निखाऱ्यावर आगारीचा घास टाकायचा. सारिका लेकही होती आणि आता पितरांतही गेली होती. तिचं येणं यातलं कोणतं, हे पाच वर्षांच्या पोरीने कसं ओळखावं?

"पण तिला खरं सांगायला हवं," मी म्हणाले.

"मन्ही जीभ रेटत नही. तूच सांग."

माझीही रेटली नाही.

आखाजीला बेबाबाईने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आगारी टाकली. मयुरी शेजारी उभी राहून सगळं बघत होती म्हणे. दुपार कलताच ती नवा फ्रॉक घालून झोक्यावर येऊन बसली. तशीच, कडेला. बायका जमल्या, पण तिला उठ म्हणायला कोणी धजेना. रस्त्यावर रिक्षा थांबली की ती मान उंचावून बघायची, आणि भलतंच कोणीतरी उतरायचं. मला ते बघवत नव्हतं.

एका रिक्षातून महेक उतरली. सरळ झोक्यापाशी आली.

"कोणाची वाट बघतेस?"

"आईची. तिची जागा धरलीये."

महेकने जरा विचार केला. "माझी नानी पण गेली. गेलेली माणसं आली तरी दिसत नाहीत." मग फळीवर हात आपटून म्हणाली, "आणि जागा तिची आहे ना? मग तू कशाला बसलीस? तिला बसू दे."

मयुरीने फळीकडे पाहिलं. मग हळूच उतरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आपली आपण.

"ताई, गाणं म्हणा," महेकने मला हुकूम सोडला.

मी गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला मागून बेबाबाईने ते उचललं, मग सगळ्या बायकांनी. दोघी पोरी दोन बाजूंनी रिकामा झोका ढकलत होत्या. झोका उंच गेला की मयुरी हसायची. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गाणं संपलं. दरवर्षी 'उतरा' म्हणून ओरडणारी मी यंदा ओरडले नाही. झोका आपोआप मंदावत गेला.

मयुरीने दोन्ही दोर धरून तो थांबवला.

"आई, उतर," ती म्हणाली. "गाणं संपलं. आता महेकचा नंबर."

उतरणाऱ्याला वेळ द्यावा तशी ती दोर धरून थोडा वेळ उभी राहिली. मग फ्रॉकच्या टोकाने फळी पुसली आणि महेकला बसायला सांगितलं.