पाच बोटांचा हात

नव्या मैत्रीस्मारकावर हस्तांदोलन करणारे दोन हात असणार होते, एक पूर्वीच्या राज्यकर्त्यांचा आणि एक आपला. आपला म्हणून समितीने आमच्या बाबांचा हात निवडला, आणि बाबा एकदम हवेत गेले.

बाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. जुन्या राजवटीत चौकीवरच्या अंमलदाराने ती दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. बाबांनी त्याच्या भाषेत 'होय साहेब' म्हणावं, एवढंच त्याचं म्हणणं. बाबा म्हणाले नाहीत. ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली की आई म्हणायची, "आता तरी म्हणून टाका, भाजी गार होतेय."

शिल्पकाराने प्लास्टरमध्ये बाबांच्या हाताचा साचा घेतला. "जसा आहे तसाच ओता," बाबांनी बजावलं, "बघणाऱ्याला कळलं पाहिजे." शिल्पकाराने मान डोलावली. त्या मेल्यावर मी तेव्हाच विश्वास ठेवायला नको होता.

उद्घाटनाला बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पडदा सरकला. ब्राँझचा हात धडधाकट होता, पाचही बोटं शाबूत. ओळखू येत होता तो तेवढा बाबांचा अंगठा, तसाच वाकडा.

मी शिल्पकाराला कोपऱ्यात गाठलं.

"मेणाचा नमुना समितीच्या अध्यक्षांनी पाहिला," तो म्हणाला. "पाहुण्यांना कसंतरी वाटेल म्हणाले. मग दोन बोटं जोडली."

"कुणाची?"

"अध्यक्षांचीच. फार हौसेने बसले समोर."

तेवढ्यात पूर्वीच्या राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला पाहुणा मंचावरून खाली उतरला, सोबत दुभाष्याचं काम करायला अध्यक्ष. पाहुण्याने बाबांचा हात हातात घेतला आणि दचकला. हे काय झालं, असं त्याने विचारलं. ती भाषा बाबांच्या पिढीला शाळेतच शिकवलेली, त्यांना शब्दन् शब्द कळत होता.

"गिरणीत गेली, साहेब. जुना अपघात," अध्यक्षांनी परस्पर सांगून टाकलं.

"अरेरे. खरंच?" पाहुण्याने बाबांनाच विचारलं. फोटोवाले ताटकळले होते. अध्यक्षांचा हात बाबांच्या खांद्यावर होता. बोला ना बाबा, मी मनात म्हणत होते, जन्मभर आम्हाला ऐकवलंत ते आता याला ऐकवा.

बाबांनी ब्राँझच्या हाताकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे.

"होय साहेब," ते म्हणाले. त्याच्या भाषेत, अगदी स्वच्छ उच्चारात.

मला अध्यक्षांपेक्षा बाबांचाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्यानंतर आमच्या घरी भाजी कधी गार झाली नाही.