विलायती गवताची आवणी

भिसेगावच्या येसाजीच्या शेतात गवत दिसत नाही, असं कर्जतच्या आसपास सगळे म्हणत. भातातलं तण काढायला, बेणणीला तो एकदा वाकला, की या बांधापासून त्या बांधापर्यंत काडी उरू द्यायचा नाही. हे ऐकूनच निवृत्त इंजिनीअर रावसाहेब दिघ्यांनी त्याला बंगल्यावर माळी म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी समोरची खणून सपाट केलेली जागा दाखवून ते म्हणाले, की इथे गवत वाढवायचं आहे.

येसाजीनं विचारलं, गुरं किती आहेत. गुरं नव्हती. कापून विकायचं आहे का, तर तेही नाही. ते नुसतं बघायचं होतं आणि संध्याकाळी त्यावर खुर्च्या टाकून बसायचं होतं. माघात असिस्टंट कलेक्टरांचा मुक्काम कर्जतला पडणार होता आणि रावसाहेबांनी त्यांना मडमेसह चहाला बोलावलं होतं. बी विलायतेहून पत्र्याच्या डब्यातून आलं होतं.

रावसाहेबांनी ते स्वतःच्या हातानं पेरलं. दोन वेळा झारीनं पाणी घालायचं, चिमण्या हाकायच्या, कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही आणि मध्ये दुसरं गवत उगवलं तर उपटायचं, असं बजावलं. येसाजीनं विचारलं, कुठलं ठेवायचं अन् कुठलं उपटायचं?

"विलायती ठेव, देशी उपट," रावसाहेब म्हणाले. दिवस स्वदेशीचे होते, म्हणून त्यांनी लगेच इकडेतिकडे बघून घेतलं.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी ते आणि माईसाहेब महिनाभर पुण्याला गेले.

गवत वाढवतो असं बायकोला सांगायची येसाजीला लाज वाटली. त्यानं अंबाबाईला सांगितलं, बंगल्यावर मेथी पेरलीय. दिवसभर तो गोफण घेऊन चिमण्यांवर नजर ठेवायचा. आठव्या दिवशी हिरवे कोंब दिसले, तेव्हा मात्र त्याची लाज गेली. कुणाची तरी शेळी आत शिरली, तर तिला त्यानं पार स्टेशनापर्यंत पळवलं.

पण पहिल्या काही दिवसांत झारीऐवजी त्यानं घागरीच ओतल्या होत्या. बी वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा झालं होतं. तिथं गवत घोंगडीसारखं दाट आलं आणि बाकीची जागा वस्तऱ्यानं भादरल्यासारखी राहिली.

तीन आठवड्यांनी अंबाबाई टोपली घेऊन मेथी न्यायला आली. नवरा उकिडवा बसून गवतातून गवत उपटत होता. येसाजीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. ती हसली नाही. कोपऱ्यातले चार कोंब तिनं बोटांनी बाजूला करून पाहिले.

"अवं, रोप दाट झालंय," ती म्हणाली. "आवणी कवा करताय?"

येसाजी म्हणाला, ह्याची आवणी करत नाहीत, भातासारखं उपटून पुन्हा लावत नाहीत. तसं रावसाहेब म्हणाले होते का, असं तिनं विचारलं. त्यानं खूप आठवून पाहिलं. रावसाहेब बरंच काही म्हणाले होते, पण हे म्हणाले नव्हते. पाय ठेवू नका म्हणाले होते, एवढं त्यानं सांगितलं.

"रोपावर नको म्हनलं असतील. चिखलात पाय घालू नका असं कोन म्हनंल?"

दुसऱ्या दिवशी अंबाबाई गौराबाई, भागूबाई आणि आणखी सहा बायका घेऊन आली. विहिरीतून पाणी ओढून चिखल केला, चारी बाजूंनी बांध घातला, रोप उपटून मुठी बांधल्या आणि दुपारपर्यंत गाणी म्हणत वीत वीत अंतरावर लावून टाकलं. दोरी धरल्यासारख्या सरळ चाळीस ओळी झाल्या.

रावसाहेब परतले ते टांग्यातून उतरून तिथेच थांबले. माईसाहेबांनी हळूच विचारलं, भात लावायचं ठरलं होतं का.

रावसाहेबांनी येसाजीला एवढंच विचारलं, "कलेक्टरांना मी इथे पेज वाढू का?"

येसाजी ओळी उपटायला वाकला. पण उपटलं असतं तर निव्वळ चिखल उरला असता, म्हणून रावसाहेबांनी हात लावू दिला नाही. पाणी आटलं, बांध मोडला, ठोंब फुटून पसरू लागले. तरीही पाहुणे आले त्या दिवशी चाळीसच्या चाळीस ओळी स्वच्छ मोजता येत होत्या. खुर्च्या ओसरीवरच मांडल्या गेल्या.

साहेब चहा पीत बसले. मडम मात्र सारखी बाहेर बघत होती. शेवटी ती पायऱ्या उतरली आणि रेशमी झग्यासकट गवताशी उकिडवी बसली. रावसाहेब मागोमाग माफी मागत गेले. मडम म्हणाली, अलिबागला दोन वर्षं बी पेरतेय, निम्मं पाखरं खातात, निम्मं वाहून जातं. हे कुणी केलं? रावसाहेबांनी येसाजीला पुढे केलं. येसाजीनं, पाहुणे बघायला येऊन कुंपणाशी उभ्या राहिलेल्या बायकोकडे बोट दाखवलं.

मडमेनं अलिबागला बोलावलंय, असं रावसाहेबांनी मराठीत सांगितलं. अंबाबाईनं आधी विचारलं, विहीर किती लांब आहे, माती कसली आहे. मग म्हणाली, "येते मी. गौराबाई अन् भागूबाई संगती लागतील. ह्यांचं तितं काय काम नाय."

फाल्गुनात तिघी रेल्वेनं मुंबईला आणि तिथून लाँचनं अलिबागकडे गेल्या. येसाजी घरी राहिला, म्हशीपाशी. म्हैस अंबाबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. दोन दिवस तिनं चरवी लाथाडली. तिसऱ्या सकाळी येसाजी बायकोचं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन खाली बसला. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गप उभी राहिली.

तो कामावर का येत नाही ते विचारायला रावसाहेब त्याच वेळी गोठ्याशी आले होते. त्यांनी काठी काखेत मारली आणि ते आल्या पावली परत फिरले.