दुपट्याचा चौथा कोपरा

मंद आचेवर भाजल्या जाणाऱ्या ओव्याचा उग्र, किंचित कडवट गंध आला की स्मृतीत प्रथम उमटतात ते सुमनमावशीचे हात: बोटांची टोके सुईने खरबरीत झालेली, तळवे मात्र विरलेल्या लुगड्यासारखे मऊ.

आई नव्हती, म्हणून माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी तिची धाकटी बहीण मालवणहून मुलुंडला आली, आणि ओवा, शेपा, डिंकाच्या पुड्यांसह माझे माहेरच जणू जिना चढून आले. खिडकीपाशी, सातविणीच्या फुलांच्या गंधाने जडावलेल्या कार्तिकातल्या उन्हात बसून ती आईच्या जुन्या लुगड्याचे दुपटे शिवी. तीन कोपरे शिवून झाले होते. चौथा ती उघडाच ठेवी. कधीकाळी तिने एक दुपटे आधीच पुरे केले होते, आणि ज्याच्यासाठी ते होते ते बाळ घरी आलेच नाही. हे तिने मला एकदाच सांगितले, मान खाली घालून, टाका न थांबवता.

माझे भय निराळे होते: तो क्षण आला तर मला ओळखता येईल का? दोनदा पोट दगडासारखे घट्ट झाले, दोनदा मी कपड्यांची पिशवी दाराशी नेली. मावशी हसली.

"माझ्याशी भांडाक येता मा गो तुका? मगे आजून येळ आसा. पड जरा."

कुशीवर वळताच त्या कळा ओहोटीच्या पाण्यासारख्या मागे सरल्या. डॉक्टरांनीही फोनवर आडवे होऊन पाहायलाच सांगितले होते.

मग पोट खाली उतरले. श्वासाला एकाएकी जागा झाली, पावलांना मात्र जडत्व आले. एका सकाळी डाळींचे सारे डबे घासून उन्हात मांडण्याची अनावर ओढ मला लागली. दुपारी कंबर भरून आली तेव्हा मी दोष डब्यांनाच दिला.

"उगाच उचलले गं मावशी, आता रात्रभर..." आणि वाक्य तिथेच तुटले. खिडकीचा गज मुठीत धरून मी उभी राहिले. कळ ओसरली, पुन्हा आली, आडवी झाले तरी येतच राहिली, दर वेळी अधिक जवळून, जणू समोरच्या येऊरच्या डोंगरावरून कुणी हाका मारीत उतरत होते.

मावशीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. डॉक्टरांनी बोलावून घेतले, नवरा रिक्षा आणायला धावला, आणि तेवढ्या अवकाशात तिने सुईत दोरा ओवला.

"आधीच पुरं करतेस?" मी विचारले.

तिने दुपटे मांडीवर ओढले. चौथा कोपरा दुमडला, वेडेवाकडे काही टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. आणि इतक्या वर्षांचे आपले भय तिने सुईसह डबीत बंद केले.

आज मावशी नाही. त्या दुपट्यात वाढलेली माझी लेक आता त्यात बाहुली निजवते. तीन कोपऱ्यांची सुबक शिवण उसवली, चौथा अजून घट्ट आहे. काळ माणसांना नेतो, पण त्यांनी घाईत बांधलेली एखादी गाठ त्याच्या हातून सुटत नाही; आणि पाऊल उंबऱ्याशी अडखळले की त्या दुपारी दुपटे काखेत घेऊन, दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवून मावशी म्हणाली होती ते अजून ऐकू येते:

"चल."