पट्टी बांधलेली घंटी

मी एक पितळी घंटी. आज माझा लोलक मोकळा आहे, तरी मी वाजत नाही. का, ते ऐका.

आईची वाचा पक्षाघातानं गेली, एकच हात हलता उरला. वृद्धाश्रमात ठेवताना लेकीनं मला तिच्या हातात दिलं. "पाणी हवं, कूस बदलायची, काहीही असो, वाजव. लाजू नकोस." आईनं लगेच मला खणखणवलं. दोघी हसल्या.

तिथल्या देखभाल करणाऱ्या मावशींना मात्र माझा आवाज खपेना. "सारखी काय टणटण! राजवाडा आहे का हा?" त्यांनी लोलकाला घट्ट पट्टी गुंडाळली आणि मला परत आईच्या हातात कोंबलं. आई हलवत राहायची, मी आतल्या आत आपटत राहायचे. अंथरूण ओलं व्हायचं, तसंच वाळायचं. पाठीला जखमा झाल्या.

रविवारी लेक यायच्या आधी मावशी पट्टी सोडायच्या. मग आई मला जीव खाऊन वाजवायची. लेक हसायची. "अगं, मी समोर बसलेय की! आता कशाला?"

एकदा ती न कळवता मधल्याच वारी आली. आई मला हलवत होती आणि खोलीत आवाज नव्हता. लेकीनं मला उलटं केलं. मग शेजारच्या खोल्यांतल्या घंट्या उलट्या केल्या. सगळ्यांना पट्ट्या!

लेकीनं पोलिसांत तक्रार केली, मावशींना तुरुंगवास झाला. त्यांनी शिक्षा कमी करून घेण्यासाठी अपील केलं, म्हणून मी पट्टीसकट मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिले. तिथं कोणी कोणाशी बोलत नाही. आईच्या हातात आता काय असेल, एवढाच मला घोर.

अपिलात वकील म्हणाले, "हात उगारला नाही, साहेब. नुसती पट्टी बांधली."

नुसती! माझा जळफळाट झाला.

न्यायाधीशांनी मला मागवून घेतलं. दाराकडे बघत ते मला हलवत राहिले. बराच वेळ. दार उघडलं नाही. वकिलांनी मान खाली घातली.

अपील फेटाळलं. मी सुटले. आईला लेकीनं केव्हाच घरी आणलं होतं; तिनं पट्टी कापली आणि मला आईच्या हातात ठेवलं. "वाजव ना, आई. मी आहे."

आईनं मला घट्ट धरलं, पण हलवलं नाही. घसा कोरडा पडला तरी हलवत नाही. नुसती दाराकडे बघते.

म्हणून तुम्हाला विनवते, माझ्या आवाजाची वाट बघू नका. न बोलावताच कोणीतरी आत येत जा.