मसाल्याच्या डब्यांखालचं कार्ड

मी हातानं लिहिलेलं व्हिजिटिंग कार्ड बोलतोय. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या एका क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेल्या कागदाच्याही खाली मी पडलो आहे. इथून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

माझा जन्म अपेक्षा रामटेकेच्या घरी, बुद्धाच्या फोटोखालच्या टेबलावर झाला. नवऱ्याचं ठेकेदाराकडचं काम सुटलं, तेव्हा तिनं सांबारवडी करून विकायचं ठरवलं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरकडच्यांना सांगावं लागत नाही. तिनं ड्रॉइंगचा जाड कागद कापला, हिरव्या स्केचपेननं कोपऱ्यात कोथिंबिरीची काडी काढली आणि खाली नाव, नंबर लिहिला.

"मम्मी, प्रिंट करवा लो ना," तिची मुलगी साक्षी म्हणाली.

"छापलेलं कोणी वाचते का वो? हातचं असलं का माणूस ठेवून घेते."

ज्याला द्यायचं त्याच्यापुरते दोन शब्दही ती मागे लिहायची. माझ्या पाठीवर आहे, 'नलूताई, तुमच्यासाठी तिखट कमी.'

नलूताई मागच्या गल्लीतली. तिला वडी आवडली, माझं अक्षरही आवडलं. फ्रिजवर चुंबकाखाली मी मोठ्या ऐटीत राहत होतो. आडनाव तिनं वाचलं होतंच, पण तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं.

मग पद्मनाभपूरहून तिची जाऊ आली, रुक्मा. आल्या आल्या तिनं मला वाचलं.

"बौद्धायच्या घरचं खाऊन राहिली तू? सोयऱ्यायले समजलं तं?"

नलूताईनं लगेच चुंबक काढलं आणि मला इथे सरकवलं. वडी मात्र बंद केली नाही.

नलूताईच्या नातवाच्या बारशाला अपेक्षाकडून ताटं भरभरून वडी आली. पाहुण्या विचारू लागल्या, "नलू, कोणाच्या हातची वो? नंबर दे ना."

याच एका प्रश्नासाठी तर मला लिहिलं होतं. मी कान लावून पडून राहिलो.

"घरीच केली," नलूताई म्हणाली.

"मले अजून एक वाढ," असं म्हणणारा आवाज रुक्माचा होता.

नलूताईचा फोन नेहमी स्पीकरवर. दिवाळीच्या तोंडावर तिनं नंबर लावला.

"अपेक्षा, यावेळी वडी जास्त लागन."

"बंद केली ताई. कुम्हारीले पॅकिंगच्या कामाले जाऊन राहिली आता."

"कावून वो? इतकी मस्त होते तुयी वडी."

"तुमच्याशिवाय कोणी मागवतच नाही ना ताई. लोकायले आवडत नसन."

नलूताईनं फोन ठेवला. मग बराच वेळ कढई घासल्याचा आवाज येत राहिला. कागद काही उचलला गेला नाही.

माझी हिरवी शाई अजून उडालेली नाही. तुम्ही त्या बारशाला जेवला असाल, तर पुन्हा कधी या घरी याल तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं आत या. डबे बाजूला करा. नंबर अजून लागतो.