बॉनेटमधला दोरा

वेणीमाधव गुरुजींचा देवावर विश्वास होता, पंचांगावर होता आणि आपल्या पांढऱ्या गाडीवर तर होताच होता. माणसांवरचा मात्र पन्नाशीनंतर आटत चालला होता. भाजीवालीचा काटा, पेट्रोल पंपावरचा आकडा, शेजाऱ्याने फाटकावर बसवलेला कॅमेरा, सगळीकडे त्यांना पाणी मुरताना दिसायचं. या यादीतून आजवर एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे गोरक्ष मेकॅनिक.

गोरक्ष मूळचा दिंडोरीचा. पंचवटीत गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशीच त्याचं गॅरेज होतं. गॅरेजचं उद्घाटन गुरुजींनीच केलं होतं आणि दर दसऱ्याला त्याच्या मनगटावर नाडाछडी बांधायलाही तेच जायचे. अठरा वर्षं गाडीची दुसरी किल्ली गोरक्षकडे असायची. गुरुजी सकाळी गंगेवर, म्हणजे पंचवटीतल्या नदीघाटावर, एखाद्या विधीला गेले की तो गाडी नेई, ऑइल बदली, चाकांत हवा भरी आणि पुन्हा दारात आणून लावी. गुरुजी स्वतः बॉनेट वर्षातून एकदाच उघडायचे, दसऱ्याला, इंजिनाला हळदकुंकू वाहायला. आत काय असतं याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नव्हती.

दिंडोरीच्या एका वास्तुशांतीच्या सकाळी गाडी सुरूच झाली नाही. गोरक्ष धावत आला, बॉनेट उघडलं आणि एक बारीक निळी वायर वर धरून म्हणाला, "उंदरानं खाल्ली, गुरुजी. गाडीत खायचं काय ठेवता का?"

"गाडी आहे ती, कोठीघर नव्हे," गुरुजी म्हणाले.

डिकीत त्या वेळी तीन यजमानांकडून आलेला शिधा होता. तांदूळ, गूळ, सुकं खोबरं, वातींचा कापूस. पण तो प्रसादासारखाच, त्याला खायचं कोण म्हणेल? "घरी आल्याबरोबर शिधा काढत जा हो," असं त्यांच्या पत्नी सुमेधाताई बारा महिने सांगत आणि गुरुजी बारा महिने "उद्या काढतो" म्हणत.

आठ दिवसांत पुन्हा तीच वायर, पुन्हा तोच उंदीर. या खेपेला गोरक्ष म्हणाला, "एअर फिल्टरचा डबा उघडून बघू का? तसाही वर्षातून एकदा बदलावा लागतो. लय दिवस झाले."

गुरुजींच्या मनात पाल चुकचुकली. वायर तुटते म्हणून बोलावलं, तर हा फिल्टर काढायला निघाला! उद्या म्हणेल इंजिनच उतरवू. "वायरीचं सांगितलंय ना, तेवढंच कर," ते म्हणाले. गोरक्षने खांदे उडवले आणि वायर जोडून दिली.

त्या दिवसापासून गुरुजींना चैन पडेना. वायर नीट सरळ कापल्यासारखी का दिसत होती? उंदीर त्यांच्याच गाडीत का, शेजाऱ्याच्या का नाही? आणि मुख्य म्हणजे, बॉनेट उघडायला गाडीत शिरावं लागतं, आणि किल्ली दोघांकडेच. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आता फक्त पुरावा हवा होता.

बुधवारी संध्याकाळी गोरक्ष गॅरेजात नाही असं बघून त्यांनी बॉनेट उघडलं. जोडलेल्या वायरीभोवती नाडाछडीचा लाल-पिवळा दोरा तीन वेढे देऊन बांधला. गाठ त्यांच्या वडिलांनी शिकवलेली, तिच्या पोटातून टोक दोनदा फिरवलेली. अशी गाठ अख्ख्या पंचवटीत दुसरं कुणी मारत नव्हतं. कुणी वायरीला हात लावला, तर दोरा निघणार किंवा गाठ बदलणार.

"अहो, मेकॅनिकवर पाळत?" सुमेधाताईंनी खिडकीतून विचारलं.

"तू बघच," गुरुजी म्हणाले. त्यांच्या हाताला अजून देवघरातल्या तुपाचा वास येत होता.

शुक्रवारी सकाळी गाडी पुन्हा मुकी. वायर तुटलेली आणि दोरा? दोरा नव्हताच! खाली पडलेला नाही, लोंबत नाही, अर्धासुद्धा उरलेला नाही. गुरुजींना राग आला, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा आनंदच जास्त झाला. "वायर कुरतडेल उंदीर, मान्य," ते सुमेधाताईंना म्हणाले. "पण दोरा कशाला नेईल? त्याला काय संध्या करायची आहे?"

सुमेधाताईंना हसू आलं. गुरुजींना आलं नाही.

आता गोष्ट नुसत्या वायरीची राहिली नव्हती. सिंहस्थाचं काम तोंडावर आलं होतं आणि मंडळातल्या तेरा पुरोहितांनी आपल्या गाड्यांची देखभाल एकाच गॅरेजला द्यायचं ठरवलं होतं. रविवारी बैठक होती. "तुम्ही नुसता शब्द टाका गुरुजी, बाकी माझं काम बोलंल," गोरक्षने महिन्यापूर्वी हात जोडून सांगितलं होतं. त्याच भरवशावर त्याने धाकट्या भावाला, केरूला, दिंडोरीतली द्राक्षबागेची नोकरी सोडायला लावून गॅरेजात आणलं होतं.

बैठकीत गुरुजींनी शब्द टाकला. "जो माणूस स्वतः बिघाड करून स्वतःच दुरुस्त करतो," ते म्हणाले, "त्याच्या हाती तेरा गाड्या द्यायच्या का, तुम्हीच ठरवा." दोऱ्याची हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. गुरुजी खोटं बोलतील असं कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि ते खोटं बोलतही नव्हते. काम द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजला गेलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी गोरक्षकडून किल्ली मागून घेतली. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. ड्रॉवरमधून किल्ली काढून फडक्याने पुसून त्याने गुरुजींच्या हातावर ठेवली. "उंदीरच हाय, गुरुजी," तो एवढंच म्हणाला. चोराला नेमकं असंच बोलावं लागतं, असं गुरुजींना वाटलं.

वायर त्या नव्या गॅरेजच्या पोराने येऊन जोडून दिली, पण दोन आठवड्यांनी गाडी चढावर दम टाकू लागली. गुरुजींनी ती द्वारका चौकातल्या त्याच गॅरेजात नेली. तिथल्या हर्षल नावाच्या मेकॅनिकने काही न विचारता एअर फिल्टरचा डबा उघडला आणि "अरे बापरे," म्हणाला. त्याने आतलं सगळं वर्तमानपत्रावर काढून ठेवलं. तांदूळ. वातींचा कापूस. दर्भाच्या काड्या. खोबऱ्याचे तुकडे. फिल्टरला पडलेलं भलंमोठं भोक. आणि या सगळ्याच्या मध्ये, मऊ वाटीसारख्या घरट्यात गुंडाळलेला लाल-पिवळा दोरा.

"काका, डिकीत धान्य ठेवता वाटतं?" हर्षलने विचारलं. "तुपाचा वास आला की दोरासुद्धा सोडत नाहीत हे. फिल्टर आधीच बघायला हवा होता."

गुरुजींनी दोरा उचलला. एक टोक कुरतडलेलं होतं, पण गाठ तशीच होती. पोटातून दोनदा फिरवलेली. त्यांच्या वडिलांची गाठ.

दोऱ्याचं कुणालाच कळणार नव्हतं. हर्षल तो कागदासकट बोळा करून टाकणार होता आणि सुमेधाताईंना काहीतरी सांगता आलं असतं. हा विचार गुरुजींच्या मनात आला आणि चांगला पाच मिनिटं राहिला. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दोरा खिशात घातला, फिल्टर बदलून घेतला आणि गाडी सरळ पंचवटीकडे वळवली.

गॅरेजात गोरक्ष एकटाच होता. केरू परत दिंडोरीला गेला होता, तेही आठवड्यापूर्वी. गुरुजींनी दोरा त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटा करून गाठ पाहिली. दर दसऱ्याला तीच गाठ त्याच्या मनगटावर पडत आली होती, त्याला सांगायची गरज नव्हती.

"फिल्टरच्या डब्यात सापडला," गुरुजी म्हणाले. "चूक माझी. सगळी. मी आज मंडळात उभा राहून सांगतो, गोरक्ष. आणि ही किल्ली परत घे. तुझ्याजवळच असू दे, पहिल्यासारखी."

"सांगा की. सांगायलाच पायजे," गोरक्ष म्हणाला. "केरूलापण फोन करा. तो मला विचारत होता, दादा, खरंच कापली का रं वायर?"

गुरुजी किल्ली तशीच पुढे धरून उभे राहिले.

गोरक्षने किल्ली घेतली नाही. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. मग कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलून गाडीसमोर आणून ठेवलं.

"गाडी मी बघंन, गुरुजी. कायम बघंन," तो म्हणाला. "पण आता ठेवून जायचं नाय. काम होईस्तोवर हितं बसायचं, अन् मी काय काय करतो ते डोळ्यांनी बघायचं."

गंगेवर यजमान वाट पाहत होते. गुरुजींनी त्यांना उशीर होईल म्हणून फोन केला आणि ते स्टुलावर बसले.